चाल सरळ आहे

जगदेवचा उजवा गुडघा सुजला तो माझ्या वळणदार अक्षरामुळे. हे कुठल्याही डॉक्टरला पटलं नसतं, म्हणून आम्ही डॉक्टरकडे गेलोच नाही.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. मी कारंज्याच्या शाळेतून मॅट्रिक होऊन कामरगावला परत आलो होतो आणि नोकरी लागेपर्यंत गावाचे अर्ज लिहीत होतो. ‘सदरहू’ हा शब्द बरोबर जागी बसवणारा गावात मी एकटाच, त्यामुळे माझा थोडाफार दरारा होता. शेजारच्या उकंडरावांचा थोरला जगदेव मात्र मला ‘मॅट्रिकसाहेब’ म्हणायचा, आणि त्यात आदर किती नि टवाळी किती हे मला कधी नीट मोजता आलं नाही.

जगदेवला पोलिसात जायचं होतं. छाती भरायची, उंची भरायची, फक्त मैलभर धावणं सहा मिनिटांत बसायचं नाही. पहिल्या भरतीत तो चौदा सेकंदांनी राहिला, दुसऱ्या भरतीत नऊ. दोन्ही वेळा अनवाणी. अकोल्याच्या मैदानावर मुरमाचे खडे, शेवटच्या फेरीत तळवे सोलून निघायचे. आता तिसरी भरती जानेवारीत होती आणि तीच शेवटची. त्यानंतर त्याचं वय उलटणार होतं. म्हणून त्याने ठरवलं, या खेपेला बूट घालून धावायचं.

दिवस कापूस वेचणीचे. उकंडराव पोराला दिवसभराची सुट्टी द्यायला तयार नव्हते. “बुटानं पाय पळते का बे? पाय पळते तवा बूट पळते,” असं त्यांचं म्हणणं. तेव्हा बूट चिठ्ठीवर मागवायचे ठरले. आमच्या एसटीचा कंडक्टर किसनसिंग कारंज्याहून औषध, चष्मे, लग्नाच्या पत्रिका, काय वाट्टेल ते आणून द्यायचा. मी जगदेवला ओट्यावर बसवलं, पायाखाली जुना पेपर ठेवला आणि पेन्सिल फिरवून माप घेतलं. उजव्या पायाचं. डावा तसाच असणार.

चिठ्ठी गेली पन्नालालजींच्या दुकानात. कारंज्यात चपला-बुटांची दुकानं होती पाच-सहा, पण पळायचे बूट म्हटलं की लोक त्यांचंच नाव घ्यायचे. दुसऱ्या दिवशी किसनसिंगने उलट चिठ्ठी आणली. बारीक अक्षरात दोन ओळी: ‘माप पोचले. मुलाची चाल कशी आहे ते नीट पाहून लिहा. चाल कळल्याशिवाय मी जोड देत नाही.’

मी चिठ्ठी तीनदा वाचली आणि मनात म्हटलं, काय माणूस आहे! पोलीस भरतीला चालचलनाचा दाखला लागतो हे मला ठाऊक होतं, महिन्याभरापूर्वी मीच तो अर्ज लिहिला होता. पण बूट विकत घ्यायलाही दाखला? मग वाटलं, जैन माणूस आहे, धर्माचा पक्का असेल. दारू पिणाऱ्याला, जुगाऱ्याला जोड देत नसेल. मला त्यांच्याबद्दल आदरच वाटला. मी टाक बुडवला आणि लिहिलं:

‘सदरहू मुलास मी लहानपणापासून ओळखतो. त्याची चाल सरळ आहे. वाकडे पाऊल त्याने आजवर टाकलेले नाही. याबद्दल सर्व गाव साक्ष देईल.’

तिसऱ्या दिवशी बूट आले. पांढरे, कॅनव्हासचे, पातळ रबरी तळाचे. जगदेव खूष. आठवडाभर तो पहाटे अमरावतीच्या रस्त्यावर मैलाच्या दगडापासून मैलाच्या दगडापर्यंत पळाला. आठव्या दिवशी ओटा चढताना त्याने भिंतीला हात लावला. नडगीच्या आतल्या अंगाला ठणका, आणि उजवा गुडघा नारळासारखा. भरतीला बावीस दिवस उरले होते.

“मॅट्रिकसाहेब,” तो म्हणाला, “त्या शेठले काय लिवलं होतं तुमी?”

मी सांगितलं. तो हसला नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी उकंडरावांना न विचारता, बूट पिशवीत घालून आम्ही सकाळच्या गाडीने कारंजा गाठलं.

पन्नालालजींचं दुकान बाजारगल्लीत, सरकीच्या दोन दुकानांच्या मधे चेंगरलेलं. लोक त्याला ‘बिनचामड्याचं दुकान’ म्हणत. आत कॅनव्हास, रबर, टायरच्या चपला, नायलॉनचे पट्टे. कातडं औषधालाही नाही. गिऱ्हाइकं म्हणजे शाळेची पोरं, पोस्टमन, होमगार्ड, आणि वर्षातून एकदा स्पर्धेसाठी धावणारे. स्वतः पन्नालालजी पन्नाशीचे, पांढरी टोपी, बुटक्या अंगाचे, आणि दुकानात अनवाणी. बूट विकणारा माणूस अनवाणी बसलेला पाहून मला बरं वाटलं; म्हटलं, चुका सगळेच करतात.

मी कुठून आलो ते सांगताच ते उठून उभेच राहिले.

“कामरगाव? तुमीच का ते? सारं गाव साक्ष देईन म्हनून लिवनारे?”

“हो.”

“बाप्पा! मी इथं घरात वाचून दाखवलं. म्हटलं, कसं गाव आहे! एका पोराचे पाय सारं गाव पाहून राह्यलं. तीस वर्षं झाले मले या धंद्यात, असं पक्कं उत्तर कोनं देल्लं नव्हतं.” आणि मग त्यांची नजर जगदेवकडे गेली, जगदेवच्या चेहऱ्याकडे नाही, खाली. “हाच का पोरगा? चाल बरं भाऊ, त्या दरवाज्यापर्यंत.”

जगदेव चालला. सात पावलं. पन्नालालजींनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली.

“हे सरळ?” ते माझ्याकडे वळले. “अरे, याचे घोटे एकमेकाले भेटाले जाऊन राह्यले!”

मग मला सगळं सांगावं लागलं. चालचलनाचा दाखला, माझा अंदाज, धर्माचा पक्का माणूस, सगळं. आतल्या पडद्यामागून बायकी हसू आलं आणि बराच वेळ थांबलं नाही. त्या पन्नालालजींच्या पत्नी राजमतीबाई. जगदेवसुद्धा हसला, भिंतीला धरून. पन्नालालजी मात्र नाही हसले. त्यांनी माझी चिठ्ठी गल्ल्याखालून काढली, पुन्हा वाचली आणि हळूच म्हणाले, “तुमी बरोबरच लिवलं. मीच इचारलं अर्धं. पायाची चाल, असं लिवाले पाह्यजे होतं. अर्धी चूक माही.”

“आणि अर्धी माझी.”

“तुमची अर्धीच्या वर आहे,” ते म्हणाले. “माप बसवून घेतलं ना?”

“हो.”

“अन् एकाच पायाचं?”

मी मान डोलावली. बसल्या माणसाचा पाय आखडलेला असतो, उभा राहिला की पसरतो. दोन पायांत एक मोठा असतो, जोड मोठ्या पायाचा घ्यायचा. हे सगळं त्यांनी मला सांगितलं नाही; जगदेवला सांगितलं, माझ्यासमोर. ते जास्त लागलं.

मग जगदेवची जुनी चप्पल त्यांनी पायातून काढून घेतली. दोन वर्षांची टायरची चप्पल. त्यांनी ती डोळ्यांसमोर आडवी धरली, सोनार कस पाहतो तशी. टाचेची आतली कड कागदासारखी झिजलेली, बाहेरची नव्यासारखी. “हे पाह्य. हिनं दोन वर्षं ओरडून सांगतलं. आयकलं कोनं?” नंतर त्यांनी आत हाक मारली, “पानी आना वं थोडं.”

“सकाळीच पुसलं म्या,” राजमतीबाईंचा आवाज, पण तांब्या आला.

जगदेवने पाय ओले केले आणि शहाबादी फरशीवर उभा राहिला. बाजूला झाला तेव्हा फरशीवर अख्खी भाकर उमटली होती, मधे कुठे खाच नाही. “आता तुमी,” पन्नालालजी मला म्हणाले. मी कशाला, असं म्हणेपर्यंत राजमतीबाईंनी माझ्या पायावर पाणी ओतलंसुद्धा. माझा ठसा पुढे पाच बोटं आणि मागे टाच, मधला भाग बेपत्ता.

“तुमचा पाय जमिनीले नीट लागतच नाई,” ते म्हणाले. “याचा सारा लागते. हे बरं नाई, ते बी बरं नाई, पन दोघायले एकच बूट चालत नाई एवढं खरं.”

त्यानंतर त्यांना जगदेवला पळताना पाहायचं होतं. दुखऱ्या पायाने पन्नास पावलं, बस. दुकानात जागा नव्हती, म्हणून गल्लीत. स्वतः पायरीवर बसले, डोळे घोट्यांच्या उंचीवर. जगदेव अनवाणी, हातात चप्पल, सरकीच्या पोत्यांमधून पळत सुटला. कोपऱ्यावर कोणी ओरडलं, “पकडा रे! चप्पलचोर!” आणि भावी पोलिसाला दोन हमालांनी दंडाला धरून दुकानात आणून उभं केलं. पन्नालालजी म्हणाले, “सोडा त्याले, माहाच आहे. पन बरं झालं, तुमी धरलं तवा थांबला कसा तेबी दिसलं.”

एवढं झाल्यावर जोड काढायचा, तर त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा. “चार वाजता.”

“आता काहून नाई?” जगदेव.

“सकाळी पाय लहान असते. दिवसभर चालला की फुगते. सकाळी घेतलेला जोड दुपारी चावते. पळतांनी तं पाय अजून पसरते. बसा, जेवून घ्या.”

त्या चार तासांत मला तो माणूस कळला, जेवढा कळला तेवढा.

वीस वर्षांचे असताना ते एका विहारात गेले होते. जैन मुनी एका गावाहून दुसऱ्या गावाला पायी जातात, त्याला विहार म्हणतात. कारंज्याहून शिरपूरपर्यंत. मुनी अनवाणी, आणि चालताना नजर चार हात पुढच्या जमिनीवर, पायाखाली किडा-मुंगी येऊ नये म्हणून. संघात पन्नालालजींचं काम मागे चालायचं, पाण्याची सोय पाहायची. “पुढं महाराज, मांगं मी,” ते म्हणाले. “महाराज जमीन पाहे, अन् मी महाराजायचे पाय पाहो. दुसरं काय पाहाव?” मुनी म्हातारे होते. दमले तरी बोलायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी पन्नालालजींच्या लक्षात आलं की धुळीत उजव्या अंगठ्याची रेघ ओढली जाऊ लागली की अर्ध्या कोसात महाराजांचा तोल जातो. मग ती रेघ दिसली की ते पुढे धावत जायचे आणि संघातल्या मोठ्यांना म्हणायचे, माझ्या पोटात दुखतं, थोडं थांबू. “शिरपूरपावतर सात खेपा दुखलं माहं पोट. सारे म्हने, पन्नालाल नाजूक आहे.”

“महाराजांना कळलं नाही?”

“कळलं असन. एकडाव माह्याकडं पाहून हासले. बोलले नाई.”

जोडे न घालणाऱ्या माणसाच्या मागे चालून जोडे शिकलेला हा माणूस. वडिलांचं धान्याचं दुकान होतं, ते भावाला सोडून त्यांनी हे दुकान काढलं तेव्हा घरात दोन महिने अबोला होता. पायताणाचं दुकान, तेही जैनाच्या घरात! कातडं आणणार नाही, या अटीवर अबोला सुटला. त्यांच्या मते त्या अटीनेच त्यांना शहाणं केलं. “चामडं मानसाच्या पायासारखं होऊन जाते, चूक झाकते. रबर-कापड काही झाकत नाई. चुकलं की चुकलं.”

मग त्यांनी आम्हाला माळा दाखवला. मी तसलं काही आजवर दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. भिंतीला रांगेने खिळे, प्रत्येक खिळ्याला सुतळीने बांधलेला एकेक झिजका जोड, तळ बाहेर करून. प्रत्येकाला पुठ्ठ्याची चिठ्ठी. ‘पोस्टमन, तीन वर्षे.’ ‘शाळेचा शिपाई, उजवीकडे भार.’ ‘रिठदचा पहिलवान, फाटले, झिजले नाही.’ गिऱ्हाईक नवा जोड न्यायला आलं की जुना ते मागून ठेवायचे.

“धान्य ठेवाले जागा नाई घरात,” राजमतीबाई खालून म्हणाल्या, “अन् वर लोकायची खेटरं टांगून ठेवली. पाहुने म्हनते, वर काय आहे? काय सांगाव मानसानं?”

“माही शाळा आहे ते,” पन्नालालजी म्हणाले. जोड देताना आपण फक्त अंदाज करतो, अंदाज बरोबर होता की नाही हे तळ झिजल्यावरच कळतं, असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाईक ‘बरा होता’ म्हणतं, त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. “मानूस भिडेखातर खोटं बोलते. तळ नाई बोलत.”

चार वाजता त्यांनी तीन जोड काढले. एक जाड, मऊ तळाचा. जगदेवने हात घातला तोच. “नोको. मऊ गादीवर घोटा अजून आत जाईन.” दुसरा हलका, पण टाचेला सैल. तिसरा तपकिरी, तळ टणक, टाच घट्ट धरणारा, पुढे बोटांना अंगठाभर जागा. जगदेवला तो आवडला नाही, दिसायला ओबडधोबड होता. “तुले लग्नाले जायाचं का पळाले?” असं विचारून त्यांनी तो त्याच्या पायात घातला, आणि मग काढून घेतला, कारण काम तर आता सुरू होणार होतं.

सायकलच्या टायरचा तुकडा त्यांनी दगडावर घासून पाचर बनवली, एका कडेला जाड, दुसरीकडे निमुळती. ती टाचेखाली आतल्या अंगाला बसवायची. जाडी ते पोस्टकार्डांनी मोजत. गल्ल्यातून पाच कोरी कार्डं काढली, चिमटीत धरली, पाचरीशी ताडून पाहिली. “आज पाच कार्डाची. आठ दिवसानं सात. एकदमच सात देल्ली तं गुडघा बाहीरून धरन.” जगदेव ते पाहत होता. म्हणाला, “वखराच्या दांड्याले देते तशी पाचर.” पन्नालालजींचा चेहरा उजळला. मॅट्रिक झालेल्याला जे चार तासांत कळलं नव्हतं ते याला एका वाक्यात कळलं होतं.

“पन भाऊ, आयक,” ते म्हणाले, आणि आवाज बदलला. “मी डाक्टर नाई. एकवीस दिवस कमी आहे. ही पाचर उपेगी पडन का नाई, मले माहीत नाई. चार दिवस पळू नोको, नुसता चाल. दुखलं तं काढून फेक. हे तुही शेवटची भरती आहे, अन् मी अंदाजानं काम करून राह्यलो, हे ध्यानात ठेव.”

इतकं खरं बोलणारा दुकानदार जगदेवने पाहिला नव्हता. त्याने पाचरीवरून एकदा अंगठा फिरवला. मग म्हणाला, “अनवानी दोनदा गेलो. आता तुमच्या अंदाजानं जातो.”

पहिला जोड त्यांनी परत घेतला, आठवडाभर पळालेला असूनही, आणि वरचे पैसे घेतले नाहीत. फक्त एक मागितलं. “झिजले की मले आनून देजो. फाटेलोक घाल, पन फेकू नोको. तुहा तळ पाहाचा आहे मले.” आणि आमच्यादेखत पुठ्ठ्याचा तुकडा कापून लिहिलं: ‘जगदेव, कामरगाव. पाचर आतून. पोलीस.’ शेवटच्या शब्दावर मी त्यांच्याकडे पाहिलं. भरती व्हायची होती. चिठ्ठी त्यांनी रिकाम्या खिळ्याला अडकवली.

आठ दिवसांनी मी एकटा जाऊन सात कार्डांची पाचर आणली. गुडघा उतरला होता. जानेवारीत अकोल्याच्या मैदानावर मी कुंपणाला धरून उभा होतो. जगदेव वीसजणांच्या तुकडीत, एकटा तपकिरी बुटाचा. दोन फेऱ्या तो मधेच होता. तिसरीत मी त्याचा चेहरा पाहणं सोडलं आणि घोटे पाहू लागलो. ते एकमेकांना भेटायला जात नव्हते. चौथ्या फेरीच्या वळणावर दोघं अनवाणी बाजूला झाले, तळवे धरून. जगदेव आला तेव्हा साहेबाने घड्याळ दाबून मोठ्याने सांगितलं, पाच मिनिटं सत्तावन्न सेकंद. तीन सेकंद उरले होते. मला रडू आलं, पण कुंपणाची तार टोचली असं मी सगळ्यांना सांगितलं.

परत येताना कारंज्याला उतरून मी पन्नालालजींना सांगितलं. ते म्हणाले, “बरं झालं,” आणि लगेच, “झिजले का?”

झिजणार कसे? जगदेव प्रशिक्षणाला गेला, तिथे त्याला सरकारी बूट मिळाले, चामड्याचे. तपकिरी जोड त्याने पेपरात गुंडाळून घरी पाठवून दिला. दसऱ्याला मी उकंडरावांकडे सोनं द्यायला गेलो तर देव्हाऱ्यापुढे वखर, विळे, कुऱ्हाड मांडलेली, आणि शेवटी ते बूट. वर हळदकुंकू, प्रत्येकावर एकेक झेंडू. ‘बुटानं पाय पळते का बे’ म्हणणारे उकंडराव मला म्हणाले, “हात नोको लावू. पूजेतले आहे.” दिवाळीत जगदेव सुट्टीवर आला तेव्हा मी त्याला आठवण दिली. तो म्हणाला, “आता कसे घालू, मॅट्रिकसाहेब? माय म्हनते, पूजेचे आहे, झिजवू नोको.”

मी दर महिन्याला कारंज्याला जातो. पन्नालालजी दर महिन्याला विचारतात. वर्षभर मी ‘अजून थोडे आहेत’ असं काहीतरी सांगत राहिलो. मागच्या महिन्यात खरं सांगून टाकलं. तळ बोलत नाही तर निदान मी तरी बोलावं, म्हणून. झेंडूचंही सांगितलं. राजमतीबाई पडद्यामागे हसल्या. पन्नालालजी हसले नाहीत. बराच वेळ बोटाने फरशीवर कसलासा ठसा काढत बसले.

“तो पास झाला, मले आनंद आहे,” ते म्हणाले. “पन पाचरीनं झाला का नुसता हिमतीनं, हे मले कसं कळन? उद्या दुसरा असाच पोरगा आला तं त्याले काय सांगू मी?” मग म्हणाले, “त्याले लिवजा. म्हना, बूट पूजेतून काढ अन् रोज कोसभर चाल. देव रागावनार नाई, त्याले माहीत आहे बूट कायले असते. अन् हे बी लिवून इचारजा, का आता चाल कशी आहे.”

“लिहितो,” मी म्हणालो.

माळ्यावर त्या खिळ्याला नुसती चिठ्ठी लटकते आहे. पत्र अजून लिहिलेलं नाही. पोस्टकार्ड आणून ठेवलं आहे, जगदेवचा पत्ताही घातला आहे. पण कुणाच्या चालीबद्दल लिहायचं म्हटलं की माझा टाक दौतीतच अडखळतो.